फोटो बघून चित्र काढणं म्हणजे कॉपी? मग राजा रवी वर्मांना काय म्हणायचं?

धाराशिवचा एखादा पोरगा टॅबवर आजोबांचा जुना फोटो घेतो, वर नवीन लेयर उघडतो आणि आठ-दहा तास खपून हुबेहूब पोर्ट्रेट रंगवतो. पोस्ट टाकली की पहिली कमेंट ठरलेली असते, फोटो बघून काढलंय, त्यात काय विशेष?

पण हा वाद टॅबच्या कितीतरी आधीचा आहे. घराघरात पोचलेले राजा रवी वर्मासुद्धा फोटोची मदत घ्यायचे.

२९ एप्रिल १८४८ ला केरळच्या किलिमानूरमध्ये त्यांचा जन्म झाला. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा युरोपियन चित्रकार आला होता. त्यानं शिकवायला नकार दिला, फक्त काम बघू दिलं. त्या बघण्यातून आणि स्वतःच्या सरावातून रवी वर्मांनी तैलरंग आत्मसात केले. १८७३ ला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं आणि नाव झालं.

मग राजेरजवाड्यांची पोर्ट्रेट्स आली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना मोठी कामं दिली. आता राजा काही तासन् तास समोर बसून राहणार नाही, आणि वारलेला माणूस तर बसूच शकत नाही. अशा वेळी फोटो कामाला यायचा.

अडचण ही की तेव्हाचा फोटो कृष्णधवल. त्यात चेहऱ्याची ठेवण मिळायची, पण कातडीचा रंग, पैठणीची झळाळी, मोत्यांवरचा उजेड मिळायचा नाही. ते सगळं चित्रकाराला स्वतःच्या नजरेनं भरावं लागायचं. कॉपी आणि कला यातला फरक तो इथं.

पुढचं पाऊल आणखी मोठं होतं. बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी चित्रं छापून लोकांपर्यंत न्या, असं सुचवलं होतं. १८९४ ला मुंबईत घाटकोपरला प्रेस सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती स्वस्तात घरी आल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आले.

पण धंद्याचं गणित जमलं नाही. कर्ज वाढलं आणि प्रेस जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. १९०५ ला सावलीसारखा सोबत राहिलेला, स्वतः चित्रकार असलेला धाकटा भाऊ राजा राज वर्मा गेला. २ ऑक्टोबर १९०६ ला रवी वर्माही गेले.

छापील चित्रं म्हणून नंतरच्या काही समीक्षकांनी त्यांना कॅलेंडरवाला चित्रकार म्हणून हिणवलं. पण आजही लक्ष्मी म्हटलं की कमळावर उभी राहिलेली, लाल साडीतली जी देवी डोळ्यांसमोर येते, ती बऱ्याच अंशी त्यांच्याच कुंचल्यातून आलेली आहे.