गोधडीवर गोष्टी शिवणाऱ्या हॅरिएट पॉवर्स

कार्यानुभवाच्या तासाला गोधडीचा विषय निघाला की मी मुलांना हॅरिएट पॉवर्स यांच्याबद्दल सांगते. २९ ऑक्टोबर १८३७ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावाजवळ त्यांचा जन्म झाला, तोही गुलामगिरीत. १८५५ मध्ये आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी लग्न झालं. १८६५ नंतर गुलामगिरी संपली. पुढे दोघांनी चार एकर जमीन घेतली.

हॅरिएट रंगीत सुती कापडातून माणसं, जनावरं, चांदण्या कापायच्या आणि गोधडीवर शिवायच्या. काही टाके हाताचे, काही मशीनचे. बायबलमधल्या गोष्टींची त्यांची ११ चौकटींची गोधडी १८८६ च्या अथेन्सच्या कापूस प्रदर्शनात मांडली होती. तिथे चित्रकलेच्या शिक्षिका जेनी स्मिथ यांनी ती पाहिली. म्हणाल ती किंमत देते म्हटलं, तरी हॅरिएट तयार झाल्या नाहीत. पण काही वर्षांनी हात आखडला. मग धुतलेल्या पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली गोधडी मांडीवर घेऊन त्या बैलगाडीतून आल्या. मागितले दहा डॉलर, मिळाले पाच.

मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. गोधडी हातातून सोडताना त्यांनी एकेका चौकटीची गोष्ट सांगितली आणि स्मिथबाईंनी ती लिहून घेतली. नाहीतर आज आपण नुसत्या आकृत्या बघत बसलो असतो! पुढे हॅरिएट आपल्या गोधडीला भेटायला अनेकदा स्मिथबाईंकडे गेल्या.

दुसरी गोधडी १५ चौकटींची. हिच्यात बायबलसोबत लोकांच्या तोंडी असलेल्या घटनाही आल्या. १८३३ चा उल्कावर्षाव तर त्यांच्या जन्माआधीचा, म्हणजे ऐकलेलाच. फेब्रुवारी १८९५ ची कडाक्याची थंडी मात्र त्यांच्या हयातीतली. प्रार्थना करताना गोठलेली बाई, पिठाचं पोतं घेतलेला माणूस, खेचराच्या श्वासाचा झालेला बर्फ, सगळं एकाच चौकटीत.

आणि बेट्स! ही एक डुकरीण. जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळाली म्हणे. मुलं इथे हसतात. काही अभ्यासकांना तिच्यात गुलामीतून पळणारी माणसं दिसतात, आणि मलाही ते पटतं.

१ जानेवारी १९१० रोजी हॅरिएट वारल्या. पाच डॉलरची ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि बेट्सची बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात.