बाबासाहेबांना शिकवणाऱ्या जॉन ड्युईंना अख्ख्या शिकागोत मनासारखी बाकडी मिळाली नव्हती

१८९० च्या दशकातली गोष्ट. शिकागो शहरात एक प्राध्यापक शाळेचं सामान विकणारी दुकानं पालथी घालत होते. त्यांना मुलांसाठी बाकडी आणि टेबलं हवी होती. पण अशी, की ज्यावर मुलांना हाताने काहीतरी करता येईल. बरीच दुकानं फिरून झाली, काही मिळेना. शेवटी एका हुशार दुकानदाराच्या लक्षात आलं की घोळ कुठे आहे. त्याने सांगितलं, तुम्हाला मुलांनी काम करावं म्हणून टेबलं हवीत आणि आमच्याकडचा सगळा माल मुलांनी ऐकत बसावं म्हणून बनवलेला आहे.

हे प्राध्यापक म्हणजे जॉन ड्युई. पुढे १८९९ मध्ये आलेल्या 'द स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकात त्यांनी हा किस्सा स्वतःच सांगितला. कारण त्या दुकानदाराने नकळत फार मोठी गोष्ट सांगून टाकली होती. एका मागे एक, जमिनीला ठोकलेली बाकडी. सगळ्यांची तोंडं मास्तरांकडे. मास्तर बोलणार, मुलं ऐकणार. मूल म्हणजे रिकामं भांडं आणि ज्ञान म्हणजे वरून ओतायची वस्तू, हे कुणी भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, पण बाकड्यांची रचनाच ते सांगत होती. शाळेत तत्त्वज्ञान शिकवत नसले तरी ते तिथे असतंच, फक्त कुणी त्याला प्रश्न विचारत नाही, हे ड्युईंचं म्हणणं होतं.

ड्युई जन्मले २० ऑक्टोबर १८५९ रोजी, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावात. वडिलांचं किराणा दुकान होतं. १८७९ मध्ये पदवी घेतली आणि पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी नावाच्या गावात दोन वर्षं हायस्कूलमध्ये मास्तरकी केली. नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १८८४ मध्ये तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि मिशिगन विद्यापीठात शिकवायला लागले. १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना बोलावलं. तिथे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र असे तिन्ही विषय एकाच विभागात होते. ड्युईंना हेच पाहिजे होतं.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला पोरांची शाळा कशाला हवी?

तर ड्युईंचा हिशोब असा होता. भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागते. मग माणूस कसा विचार करतो, कसा शिकतो, याबद्दलचे सिद्धांत नुसते खुर्चीत बसून कसे तपासणार? म्हणून जानेवारी १८९६ मध्ये विद्यापीठाची शाळा सुरू झाली. विद्यार्थी १६ आणि शिकवणारे दोघं. तिचं नावच पुढे लॅबोरेटरी स्कूल पडलं.

या शाळेत मुलगे आणि मुली दोघंही स्वयंपाक करायचे, शिवायचे, विणायचे, सुतारकाम करायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की ही मुलं नुसती खेळतायत. पण एक उदाहरण बघा. मुलांच्या हातात कच्चा कापूस आणि लोकर दिली जायची. मुलं हाताने सरकी काढून बघायची. अर्धा तास खपूनसुद्धा जेमतेम चिमूटभर कापूस निघायचा. मग मुलांना आपोआप कळायचं की यंत्र येण्याआधी लोक सुती कपड्यांपेक्षा लोकरीचे कपडे जास्त का वापरत होते. त्यातून सरकी काढणाऱ्या यंत्राचा शोध, त्यातून कारखाने, त्यातून इतिहास आणि भूगोल. पाठांतर न करता मुलं कारणापर्यंत पोहोचायची. अडचण आली की माणूस विचार करायला लागतो, हा ड्युईंचा सिद्धांत इथे कापसाच्या बोंडावर तपासला जात होता.

१९०२ पर्यंत शाळेत १४० मुलं झाली. ड्युईंच्या पत्नी अ‍ॅलिस या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पदावरून आणि शाळेच्या विलीनीकरणावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी खटके उडाले आणि १९०४ मध्ये दोघांनीही राजीनामे दिले. मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या या जोडप्याच्या नशिबी दुःखही मुलांचंच आलं. एक मुलगा १८९५ मध्ये इटलीत घटसर्पाने गेला होता. राजीनाम्यानंतर कुटुंब युरोपला निघालं, तर त्या प्रवासात दुसरा मुलगा विषमज्वराने गेला. पुढे इटलीत त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आल्यावर १९१६ मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं, 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन'. यात त्यांनी तत्त्वज्ञानाला थेट शिक्षणाचा सर्वसाधारण सिद्धांत म्हटलं. म्हणजे काय, तर कसा माणूस घडवायचा आणि कसा समाज हवा, हे तत्त्वज्ञानाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं खरी ठरतात ती वर्गात. लोकशाही म्हणजे फक्त मतदान नाही, ती एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे. मग दहा वर्षं गप्प बसून हुकूम पाळायला शिकलेलं मूल मोठेपणी अचानक लोकशाहीचा नागरिक कसं होणार?

नेमक्या याच काळात, १९१३ ते १९१६, कोलंबियात एक भारतीय विद्यार्थी शिकत होता. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, पण ते ड्युईंच्या वर्गात बसायचे. आणि ड्युई काही फर्डे वक्ते नव्हते बरं का. संथ आवाजात, शून्यात बघत, थांबत थांबत बोलायचे. विद्यार्थ्यांसमोर उभं राहून विचार करायचे म्हणा ना. तरी त्यांचा ठसा असा उमटला की १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी त्यांचं ऋण नाव घेऊन मान्य केलं. लोकशाही म्हणजे सहजीवन हा धागा बाबासाहेबांनी थेट जातिव्यवस्थेला लावला. जिथे माणसं एकमेकांत मिसळतच नाहीत, तिथे लोकशाही कुठून येणार? अमेरिकेतल्या वर्गातला विचार इथे जास्त धारदार झाला, असंच म्हणावं लागेल.

ड्युई १९१९ ते १९२१ चीनमध्ये व्याख्यानं देत फिरले. १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या शाळा बघून सुधारणा सुचवल्या. पण नाव मोठं झालं तसा घोटाळाही झाला. त्यांच्या नावावर अमेरिकेत अशा शाळा निघाल्या, जिथे शिस्त नको, अभ्यासक्रम नको, मुलांना वाटेल ते करू दे, एवढाच अर्थ काढला गेला. ७८ वर्षांच्या ड्युईंनी १९३८ मध्ये 'एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन' लिहून आपल्याच चाहत्यांना फटकारलं. प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव शिकण्याची वाटच बंद करतात. म्हणून कोणता अनुभव द्यायचा, हे ठरवणाऱ्या शिक्षकाची जबाबदारी अशा शाळेत कमी होत नाही, उलट वाढते. जुन्या पद्धतीला फक्त विरोध करणं म्हणजे शिक्षणाचं तत्त्वज्ञान नव्हे, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. गंमत म्हणजे आजही ड्युईंवर टीका होते ती बहुतेक वेळा या न सांगितलेल्या गोष्टींसाठीच.

१९५२ मध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना मानद डॉक्टरेट जाहीर केली. ५ जूनला समारंभ होता. या निमित्ताने आपल्या प्राध्यापकांना भेटता येईल, अशी बाबासाहेबांना आशा होती. पण ते प्रवासात असतानाच, १ जूनला, वयाच्या ९२ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ड्युईंचं निधन झालं.