मास्तरकी सोडली, नांगर घडवला

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेताच कारखाना डोळ्यांपुढे येतो. मात्र घरातून निघताना त्यांना व्हायचे होते चित्रकार! बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेला हा मुलगा कलेच्या ओढीने मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला. तेथे शिकत असताना आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. चित्रकाराच्या आयुष्यावर याहून मोठा घाला कोणता? लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला, पण हातातली रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले.

नोकरी प्रतिष्ठेची होती. फावल्या वेळात ते संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे खोलत, जोडत. खरे शिक्षण तेथेच झाले म्हणायचे. पुढे बढतीची पाळी आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. वसाहतीच्या काळात हे नवलाचे नव्हते. अर्ज-विनंत्या करीत पुढच्या संधीची वाट पाहणारे पुष्कळ होते. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

अर्थात, ही उडी निव्वळ रागाच्या भरात मारलेली नव्हती. वडीलबंधू रामचंद्रराव यांच्यासह १८८८ मध्येच बेळगावात सायकलींचे छोटे दुकान सुरू झाले होते. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवीत, रामचंद्रराव त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. आता दोघे भाऊ पूर्णवेळ या उद्योगात उतरले. पुढे जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर.

खरी कसोटी या नांगराने पाहिली. लोखंडामुळे जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल तयार, पण घेणारा कोणी नाही, अशी सुमारे दोन वर्षे गेली. वरिष्ठांनी सोपवलेले काम असते तर ते केव्हाच गुंडाळले गेले असते. हे काम त्यांनी स्वतः निवडले होते. त्यामुळे ते शेतकऱ्यांना समजावीत राहिले, नांगर सुधारीत राहिले. हळूहळू बांधावरचा विरोध मावळला.

जरा स्थिरावतात तोच बेळगाव नगरपालिकेने जागा सोडण्याचा हुकूम काढला. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड, निवडुंगाने भरलेली, सापांचा सुळसुळाट असलेली जमीन त्यांनी देऊ केली आणि कर्जाऊ भांडवलही दिले. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तेथे मुक्कामाला आले. कारखान्यासोबत कामगारांची वसाहतही उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडवले गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. कुंडल रोड हे स्थानकाचे नाव तोवर मागे पडले होते; गाडी थांबत होती ती किर्लोस्करवाडीला.