डॉ. बिरबल साहनी

पंजाबातील भेरा या गावी १४ नोव्हेंबर १८९१ रोजी बिरबल साहनी यांचा जन्म झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम लाहोरला रसायनशास्त्राचे अध्यापक होते. सुट्टी लागली, की ते मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकत. पाने व दगड वेचण्याचा छंद बिरबलांना तेथेच जडला.

पुढे केंब्रिजला प्रा. सीवर्ड यांच्याजवळ ते जीवाश्मांचा, म्हणजे दगडात जतन झालेल्या जीवांच्या अवशेषांचा, अभ्यास करू लागले. जिंको या वृक्षाच्या बीजांडात त्यांना परक्याच झाडाचे परागकण आढळले. दगडातील बीजांडात सापडलेला पराग त्याच झाडाचा असेलच असे नाही, हे त्यांनी १९१५ मध्ये दाखवून दिले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे तेवीस! ही सावधगिरी त्यांनी जन्मभर सोडली नाही.

१९२१ साली ते लखनौ विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्या लाव्हारसाचा सह्याद्री बनला, त्याच्याच थरांमध्ये, नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे, निपा नावाच्या ताडाची फळे दगड होऊन पडली होती. निपा वाढतो उष्ण प्रदेशातील खाड्यांच्या दलदलीत. आणि येथून समुद्र तर शेकडो कोस दूर! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तेथे खारे पाणी पोहोचत असले पाहिजे, असे अनुमान साहनींनी काढले. काश्मीरच्या पीर पंजाल पर्वतावर, थंड उंचीवरील प्राचीन सरोवराच्या गाळात, शिंगाड्याचे अवशेष मिळाले. शिंगाडा तर सखल, उबदार तळ्यांतला! पूर्वी तेथील हवाच उबदार होती, की पर्वत नंतर उंचावला? साहनींचा कौल पर्वताच्या बाजूने पडला.

वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्या नाण्यांच्या साच्यांत रमावे, याचे नवल वाटेल. परंतु रोहतक येथे सापडलेल्या साच्यांवरही त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला.

जीवाश्मांच्या अभ्यासासाठी भारतात स्वतंत्र संस्था असावी, हा त्यांचा ध्यास होता. स्वतःचा ग्रंथसंग्रह व जीवाश्म त्यांनी तिला देऊन टाकले. जीवाश्म जडवलेली कोनशिलाही त्यांनीच घडवली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसवली गेली. आठवड्याच्या आतच, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. भिंती अजून उभ्या राहायच्या होत्या. पत्नी सावित्री यांनी शोक आवरून संस्थेचा भार शिरावर घेतला. लखनौची ती संस्था आज साहनींच्याच नावाने ओळखली जाते. तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळातील परागकण निवडून, गेल्या हजारो वर्षांत पाऊस कधी वाढला व कधी घटला, याचा शोध तेथे घेतला जातो.