कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (जन्म: इंदूर, १९११, मृत्यू: १९९८), माहेरच्या कमला भागवत, या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या घटकाचा शोध आणि नीरेतील जीवनसत्त्वांचा अभ्यास ही त्यांची प्रमुख कामे होत.

जन्म आणि शिक्षण

वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी मिळविल्यावर कमलाबाईंनी त्याच बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक, नोबेल पारितोषिक विजेते सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार न घेता सत्याग्रहाचा मार्ग पत्करला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींसह: पहिले वर्ष परीक्षाधीन असेल आणि संचालकांचे समाधान झाल्याखेरीज त्यांचे काम ग्राह्य धरले जाणार नाही. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि पुढे संस्थेची दारे स्त्रियांसाठी उघडली. त्या अपमानाची खंत मात्र कमलाबाईंनी उतारवयातही जाहीरपणे बोलून दाखविली.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले व १९३६ मध्ये एम.एस्‌सी. पदवी संपादन केली.

केंब्रिजमधील संशोधन

जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेत त्या दाखल झाल्या. तेथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, त्यांचा प्रबंध अवघा सुमारे ४० पानांचा होता.

सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन आहे. या साखळीतून काही इलेक्ट्रॉन निसटले की ऑक्सिजनपासून अतिक्रियाशील रेणू तयार होतात. त्यांना आवर घालणाऱ्या पदार्थांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. क आणि ई जीवनसत्त्वे ही त्यांची परिचित उदाहरणे होत.

नीरेचा अभ्यास

भारतात परतल्यावर त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. संस्थेचे संचालकपद त्यांना बऱ्याच विलंबाने लाभले.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन हाती घेतले. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे तसेच लोह असते आणि ती आटवून केलेल्या ताडगुळातही हे घटक टिकून राहतात, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

पूरक गोळ्या आणि वार्धक्य

कमलाबाईंचे काम अन्नातील जीवनसत्त्वांचे आणि मुख्यतः कुपोषितांसाठीचे होते. पुढील काळात प्रतिऑक्सिडीकारकांच्या गोळ्या वृद्धांची स्मरणशक्ती आणि मनाची प्रसन्नता टिकवितात, असा समज सर्वत्र रूढ झाला. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असूनही सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, हा त्यामागील तर्क होय. प्रत्यक्ष चाचण्यांनी या तर्काला फारसा दुजोरा दिला नाही. अमेरिकेत ७,५०० हून अधिक वयस्क पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांमुळे स्मृतिभ्रंश टळला नाही. बीटा-कॅरोटीन अनेक वर्षे घेणाऱ्या पुरुषांत २००७ मध्ये अल्प लाभ नोंदला गेला, अल्पकाळ घेणाऱ्यांत नाही. तत्पूर्वी १९९४ मध्ये फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांत याच गोळ्यांमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले होते. अशा गोळ्यांनी वृद्धांची मनःस्थिती सुधारते, याचाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. एखाद्या घटकाची उणीव असणाऱ्याला तो दिल्याने होणारा लाभ पुरेसा आहार असलेल्याला होईलच असे नाही, हे यातून स्पष्ट होते.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर त्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेत सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. उतारवयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ योजला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.