एक्सप्लेनर : निजामाच्या राज्यातले पक्षी नोंदवणारे सलीम अली; कीटकनाशकांच्या अभ्यासात त्यांचं नाव आजही का येतं?

मृगाचा पाऊस पडला की धाराशिव जिल्ह्यात पेरणीची घाई सुरू होते. सोयाबीनच्या बियाण्याला आधी औषध चोळतात, मग ते मातीत जातं. त्याच मातीतून पारवे, चिमण्या, तित्तिर आणि मोर दाणे टिपतात. या औषधांनी पक्षी कमी झाले का, हे सांगायचं तर औषधं येण्यापूर्वी ते किती आणि कुठे होते, हे आधी माहीत हवं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर बेसलाइन हवी. आपल्या भागापुरती ती तयार करण्याचं पहिलं मोठं काम सलीम अली यांनी केलं.

एअरगन, ब्रह्मदेश आणि गेलेली नोकरी

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. खेळण्यातल्या एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत (बीएनएचएस) पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, आणि मुलाचं पुढचं आयुष्य तिथेच ठरलं.

ठरलं खरं, पण सरळ गेलं नाही. तरुणपणी ते ब्रह्मदेशात कुटुंबाचा खाण आणि लाकडाचा धंदा बघायला गेले. तो बुडाला. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली, तेव्हा रजा घेऊन बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झाली होती.

मग मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. तिथे मचाणावर बसून त्यांनी सुगरण पक्ष्याचं निरीक्षण केलं. सुगरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पक्षीणच येते, पण खोपा विणतो तो नर. मादी अर्धवट खोपा पाहून पसंत करते, मग नर तो पूर्ण करतो आणि दुसरीसाठी दुसरा विणायला घेतो. बेरोजगारीच्या काळात केलेलं हे काम जगभरच्या शास्त्रज्ञांच्या नजरेत आलं.

हैदराबाद संस्थानचं सर्वेक्षण

१९३१-३२ मध्ये बीएनएचएसने हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण हाती घेतलं. धाराशिव म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, निजामाच्या राज्यातलाच एक जिल्हा. सलीम अली यांनी पगार मागितला नाही, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च घेतला. छावणीची सगळी व्यवस्था पत्नी तहमीना बघत. (चरित्रांमध्ये त्यांना एखाद-दोन ओळी मिळतात. त्या नसत्या तर ही सर्वेक्षणं झाली असती का, अशी शंका येते.) १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर तहमीना गेल्या. सलीम अली यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

त्या काळी सर्वेक्षण म्हणजे दुर्बीण आणि बंदूक दोन्ही. पक्षी मारून, कातडी भरून, त्यावर ठिकाण आणि तारीख लिहून ठेवत. आज हे खटकतं. पण अशाच संग्रहांनी पुढे मोठं काम केलं. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहातली बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली, तेव्हा १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कवचं पातळ झाल्याचं दिसलं. तोच डीडीटी शेतात येण्याचा काळ होता. जुनी अंडी जपलेली नसती तर तुलना करायला काहीच नव्हतं.

भरतपूरचे सारस

सलीम अली यांचं १९८७ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी निधन झालं. त्यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये राजस्थानातल्या भरतपूरच्या पाणथळीवर बीएनएचएसचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू झाला होता. त्यातच शेवटच्या काही वर्षांत सारस क्रौंच मरून पडलेले दिसू लागले. पोटात धान्य होतं आणि शरीरात अॅल्ड्रिन. आजूबाजूच्या शेतांत हे कीटकनाशक वापरलं जात होतं. अभयारण्याच्या हद्दीत कुणी विष टाकलेलं नव्हतं. पक्षी बाहेर चरून आत येऊन मरत होते.

गिधाडांचंही तसंच. १९८० च्या दशकातल्या भरतपूरच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणून १९९० च्या दशकातली घसरण नेमकी कळली. कारण २००४ मध्ये सापडलं : जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या मूत्रपिंडापर्यंत जात होतं. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरासाठीच्या उत्पादनावर बंदी घातली. १९९० मध्ये कोइम्बतूरला सलीम अली यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या केंद्रातही पक्ष्यांच्या शरीरातली कीटकनाशकं मोजण्याचं काम झालं.

त्यांचं चुकलं कुठे?

भरतपूरमध्ये गुरं चारणं बंद करावं, या मताचे सलीम अली होते. १९८२ मध्ये बंदी आली, विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. नंतर त्यांच्याच संस्थेच्या अभ्यासातून निघालं की चराई थांबल्याने गवत बेसुमार माजलं आणि पाणपक्ष्यांना मोकळं पाणी कमी पडू लागलं. जमवलेल्या आकडेवारीने त्यांचंच मत खोडलं.

माळढोकाच्या बाबतीत मात्र त्यांची भीती खरी ठरली. हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा, म्हणजे लोकांचं लक्ष जाईल, असं त्यांनी सुचवलं होतं. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजच्या माळावर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे, आणि नान्नजला तो दिसला तर बातमी होते.