मतदानाचा हक्क नव्हता तेव्हा तो पोरगा जेलमध्ये गेला, पुढे त्यानेच झेडपीची दारं उघडली

पुणे-सोलापूर हायवेने निघालं की दौंड तालुक्यात कुरकुंभ लागतं. फिरंगाईमातेचं मंदिर ही गावाची जुनी ओळख आणि केमिकल कंपन्यांची एमआयडीसी ही नवी ओळख.

इथल्या पोरांना राजकारणाविषयी विचारलं, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात मिळतं तेच उत्तर मिळेल. राजकारण पैसेवाल्यांचं, घराणेवाल्यांचं, आपण एक मत देऊन काय होणार?

पण कुरकुंभ ज्या झेडपीसाठी मतदान करतं ती झेडपी आणि गावाशेजारची एमआयडीसी, या दोन्ही गोष्टी एकाच मुख्यमंत्र्याच्या काळातल्या कायद्यांमधून आल्या. तो मुख्यमंत्री कुठल्या घराण्यातला नव्हता. बाप लहानपणीच गेलेला, घरात सत्तेच्या राजकारणाचा वारसा नव्हता.

ते होते यशवंतराव चव्हाण.

अठराव्या वर्षी जेल

12 मार्च 1913 ला देवराष्ट्रे या गावात त्यांचा जन्म झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता ते सांगलीत आहे. वडील गेल्यावर आई विठाबाईंनी पोरांना वाढवलं. आई स्वतः शिकलेली नव्हती, पण पोरांनी शिकलं पाहिजे यावर ठाम होती.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये असतानाचा एक किस्सा सांगतात. मोठेपणी कोण होणार, असं मास्तरांनी वर्गाला विचारलं. पोरांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावं दिली. यशवंतरावांनी मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार असं लिहून दिलं.

1930 मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली आणि शाळकरी यशवंतराव त्यात उतरले. दंड झाला, पण ते थांबले नाहीत. 1932 मध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. वय होतं अवघं 18.

त्या काळात मत देण्याचा हक्क मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटींवर मिळायचा. गरीब घरातल्या अठरा वर्षांच्या पोराला मत असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मताचा हक्क मिळायच्या आधीच त्यांनी राजकारणाची किंमत मोजली होती.

येरवड्याच्या जेलमध्ये आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन अशा माणसांचा सहवास मिळाला. वाचन झालं, वाद झाले, गांधी आणि मार्क्स दोघांवर चर्चा झाल्या. बाहेर आल्यावर ते मॅट्रिक झाले. मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून 1938 ला बीए आणि पुण्यातून 1941 ला एलएलबी.

स्वतः उभं राहण्याआधी दुसऱ्याचा प्रचार

1937 ला मुंबई प्रांतात निवडणुका लागल्या. यशवंतराव तेव्हा कॉलेजात होते. काँग्रेसचं तिकीट नेहमीच्या वजनदार माणसांना न देता शेतकरी घरातले कार्यकर्ते आत्माराम बापू पाटील यांना मिळावं, असा आग्रह त्यांनी आणि त्यांच्या तरुण मित्रांनी धरला. तिकीट मिळवलं, गावोगाव प्रचार केला आणि माणूस निवडून आणला.

उमेदवार कोण असावा हेसुद्धा तरुण ठरवू शकतात, हा धडा त्यांना इथे मिळाला.

2 जून 1942 ला वेणूताईंशी लग्न झालं आणि दोन महिन्यांत चले जाव आंदोलन सुरू झालं. यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांनी वेणूताईंनाही अटक केली. पुढे 1946 ला ते स्वतः आमदार झाले, तेव्हा तेहतिशीच्या उंबरठ्यावर होते. 1 नोव्हेंबर 1956 ला, वयाच्या 43 व्या वर्षी, ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

लोकांनी विरोधात मत दिलं आणि राज्य मिळालं

इथे गोष्ट अवघड होते. महाराष्ट्राला मुंबईसह मराठी राज्य हवं होतं. यशवंतराव मात्र पक्षाच्या आणि नेहरूंच्या निर्णयासोबत राहिले. लोक प्रचंड चिडले.

1957 च्या निवडणुकीत त्या चिडीचं रूपांतर मतांमध्ये झालं. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला झोपवलं. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून थोडक्यात वाचले.

आपल्या एका मताने काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी ही निवडणूक आठवावी. आंदोलनात माणसं हुतात्मा झाली होती, मोर्चे निघाले होते. पण दिल्लीला राजकीय हिशोब कळला तो मतपेटीतून. यशवंतरावांनीही तो कौल ओळखला आणि द्वैभाषिक चालणार नाही हे वरिष्ठांना पटवून दिलं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि ते पहिले मुख्यमंत्री झाले.

झेडपीतून तयार झालेले पुढारी

राज्य झाल्यावर दोनच महिन्यांत त्यांनी वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावरून 1961 चा कायदा आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या.

यातली एक गोष्ट फार महत्त्वाची होती. आमदार-खासदारांना झेडपीचं सदस्यत्व ठेवलं नाही. ते तिथे बसले असते, तर नव्या माणसाला कोणी बोलूच दिलं नसतं. खुर्च्या मोकळ्या राहिल्या आणि खेड्यातली नवी पोरं त्यावर बसली. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा कारभार तिथेच शिकली.

पुढे बाभळगावचे सरपंच असलेले विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. 1979 ला सावळज गटातून सांगली झेडपीत गेलेले आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री झाले. कुरकुंभच्या शेजारच्या बारामतीत 1967 ला शरद पवार 26 व्या वर्षी आमदार झाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी यशवंतरावच होते.

पंचायत राजला देशाच्या राज्यघटनेत स्थान मिळालं 1993 मध्ये. महाराष्ट्र त्याच्या तीस वर्षं पुढे होता.

अर्थात सगळं छानच झालं असं नाही. याच झेडप्या, कारखाने आणि बँका पुढे अनेक ठिकाणी ठराविक घराण्यांच्या हातात गेल्या. नव्यांसाठी उघडलेलं दार काहींनी आतून लावून घेतलं. पण कायद्याने ते दार आजही उघडंच आहे. ग्रामपंचायतीला किंवा झेडपीला उभं राहायला वयाची 21 वर्षं पुरतात.

25 नोव्हेंबर 1984 ला यशवंतराव गेले. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती आणि उपपंतप्रधानपद सांभाळून झालं होतं. तोपर्यंत देशात मतदानाचं वय 21 होतं. ते 18 झालं 1989 मध्ये. ज्या वयात ते जेलमध्ये गेले, त्या वयातल्या पोरांना मत मिळालेलं त्यांनी पाहिलं नाही.

आज ते मत मिळवायला जेल लागत नाही, फॉर्म 6 लागतो. 17 वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. यादीत नाव आलं की माणूस आपोआप ग्रामसभेचा सदस्य होतो. कुरकुंभसारख्या गावात पिण्याचं पाणी, कंपन्यांचं सांडपाणी, स्थानिकांना नोकऱ्या हे विषय तिथे मांडता येतात, ठराव करून घेता येतो आणि ऐकलं नाही तर पुढच्या वेळी स्वतः फॉर्म भरता येतो.